कॉलेज प्रवेशाचा समुपदेशक व्हायचं तर नेमकं काय यायला हवं? (चर्चेचा धागा; प्रत्येक प्रतिसादावर सदस्याचं टोपणनाव)

सहामाही

बीएस्सी, बीएड असलेल्या, ज्युनिअर कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला 'कॉलेज काउन्सेलर' व्हायचं असेल तर रस्ता कोणता? शोधायला गेलं की तीन उत्तरं मिळतात. मानसशास्त्रात एमए करा. तीन महिन्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट घ्या. किंवा काहीच लागत नाही, बोर्ड लावा आणि बसा. तिन्ही खरी असू शकत नाहीत.

पदवी कोणती, रोजचं काम काय, फी कशी ठरते आणि लोक कुठे आपटतात, एवढं जाणकारांनी सांगावं. 'मुलांना घडवण्याचं समाधान' वगैरे नको, ते गृहीत आहे.

नियमपुस्तिका

आधी शब्दाचा घोळ सोडवू. काउन्सेलर या एका शब्दाखाली आपल्याकडे तीन वेगळी कामं चालतात.

पहिलं, कॉलेजातला मानसिक आरोग्याचा समुपदेशक. याला सहसा मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी मागतात. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या सूचनांप्रमाणे १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. त्यामुळे या जागा वाढतील.

दुसरं, कल आणि क्षमता तपासून 'कोणती शाखा घ्यावी' हे सांगणारा. नववी-दहावीची मुलं याच्याकडे येतात.

तिसरं, प्रवेश प्रक्रियेचा जाणकार. सीईटी सेल (राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणारा विभाग), कॅप राउंड (केंद्रीभूत प्रवेशाची फेरी), ऑप्शन फॉर्म (पसंतीक्रमाचा अर्ज), नीटची राज्य कोट्याची फेरी, जोसा (आयआयटी-एनआयटीचे केंद्रीय प्रवेश). बाजारात सगळ्यात जास्त मागणी याला आहे आणि पात्रतेची अट मात्र कसलीच नाही. 'काहीच लागत नाही' हे उत्तर इथून येतं. कायद्याने लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

धागाकर्त्याने आधी यातलं कोणतं, ते ठरवावं. तिन्ही एकाच पाटीवर लिहिणारे शहरात गल्लोगल्ली आहेत. त्यातलं एक धड येत असेल तरी नशीब.

मोजपट्टी

एमए सायकॉलॉजीबद्दल महत्त्वाचं. नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने एमए करण्याचा जो रुळलेला मार्ग होता तो बंद झाला आहे. यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीच्या मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमांना नवे प्रवेश देऊ नका असं सांगितलं. आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी २०२१ चा जो कायदा आला, त्याच्या कक्षेतले विषय म्हणून हा निर्णय. म्हणजे आता कुणी 'घरबसल्या एमए' विकत असेल तर आधी मान्यतेचं पत्र आणि त्यावरची तारीख बघा.

शिक्षकांसाठी चांगला पर्याय एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रम. एक वर्षाचा. सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग, तीन महिने इंटर्नशिप. महाराष्ट्र आणि गोव्याचे लोक भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कक्षेत येतात. मधले तीन महिने तिथे जाऊन राहावं लागतं, त्यामुळे रजेचं गणित आधी मांडा. बीएड असलेल्याला हा कोर्स नैसर्गिक आहे, आणि शाळेतल्या समुपदेशक पदाच्या मुलाखतीत तो ओळखला जातो.

मुंबईत टिसचं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं) एमए अप्लाइड सायकॉलॉजी आहे, पण ते पूर्णवेळ आणि उपचाराच्या अंगाने जाणारं. फक्त प्रवेशाचं काम करायचं असेल तर तेवढं लागत नाही.

तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटबद्दल: वाईटच असतात असं नाही. पण त्यात बहुतेक वेळा एखाद्या कंपनीची चाचणी कशी विकायची हे शिकवतात. शेवटच्या आठवड्यात 'आमचे रिपोर्ट घाऊक दराने घ्या' आलं की ओळखा.

कट्टा सांगली

तिसऱ्या कामाबद्दल लिहितो, कारण धाग्यातला माणूस ज्युनिअर कॉलेजात आहे, त्याला तेच जवळचं.

या कामाचा सगळा जीव एका गोष्टीत आहे: कटऑफची यादी वाचता येणं. अभियांत्रिकीची यादी उघडा. प्रत्येक शाखेखाली जीओपीईएनएस, एलओबीसीएच असे कोड दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण जागा, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर एस म्हणजे राज्य पातळी, एच म्हणजे गृह विद्यापीठाची (बारावी जिथून झाली त्या भागातल्या विद्यापीठाची) जागा, ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरची. त्याच्याखाली आधी मेरिट क्रमांक आणि मग कंसात पर्सेंटाइल.

पालक कंसातला आकडा वाचतात. काउन्सेलरने कंसाबाहेरचा वाचायचा. का, ते बघा. समजा एका वर्षी ४ लाख मुलं बसली, तर ९८ पर्सेंटाइलच्या पुढे साधारण ८,००० मुलं. पुढच्या वर्षी साडेचार लाख बसली तर त्याच ९८ च्या पुढे ९,०००. एखादी शाखा ८,४०० क्रमांकाला बंद होत असेल तर पहिल्या वर्षी ९८ वाला आत, दुसऱ्या वर्षी बाहेर. 'गेल्या वर्षी ९८ ला मिळालं होतं' हे वाक्य म्हणून धोकादायक. (परीक्षेला बसलेले सगळेच कॅपला नोंदणी करत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष क्रमांक यापेक्षा कमी येतो. पण तत्त्व तेच.)

दुसरी चूक: एकाच वर्षाची, तीही पहिल्याच फेरीची यादी धरून बसणं. किमान तीन वर्षांच्या सगळ्या फेऱ्यांचे क्रमांक शेजारी शेजारी ठेवा. पहिल्या आणि शेवटच्या फेरीतला फरक कॉलेजागणिक वेगळा असतो. नामांकित कॉलेजात संगणक शाखेचा क्रमांक हलत नाही, तिथलंच सिव्हिल बरंच खाली घसरतं.

काठावरचा

ऑप्शन फॉर्म कसा लावायचा हे कुणी तरी स्पष्ट लिहा. तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

कट्टा सांगली

२०२५-२६ च्या अभियांत्रिकी प्रवेशात चार फेऱ्या होत्या आणि जागा आपोआप पक्की होण्याचा नियम असा: पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो पक्का. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही मिळाला तर पक्का. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. पक्का म्हणजे ती जागा घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाद.

आता एक फॉर्म समोर धरा. मुलीला कॉम्प्युटर हवंय. एक नंबरला सीओईपी कॉम्प्युटर, दोनला व्हीजेटीआय कॉम्प्युटर, तीनला वडील म्हणाले म्हणून सीओईपी मेटलर्जी ('नाव तर सीओईपीचं राहील'), आणि मनापासून हवं असलेलं पुण्यातलं एक आयटी सात नंबरला. दुसऱ्या फेरीत तीन नंबर लागला. झालं. पक्का. सातव्या क्रमांकाचं आयटी तिच्या मेरिटला सहज मिळत होतं, पण यंत्रणा वरचा पर्याय उपलब्ध असताना खालचा देत नाही. एक आणि दोनचीही वाट संपली.

यात यंत्रणेचा दोष नाही. फॉर्मवर लिहिलेला क्रम आणि मनातला क्रम वेगळा होता, एवढंच. काउन्सेलरचं काम म्हणजे हा फरक फॉर्म पक्का करण्याआधी बाहेर काढणं. पद्धत सोपी: प्रत्येक शेजारच्या जोडीसाठी विचारायचं, 'हे दोन्ही आज हातात दिले तर कोणतं घेशील?' वडिलांसमोर एकदा आणि मुलीला एकटीला एकदा. उत्तरं वेगळी आली तर फॉर्म थांबवा आणि घरात आधी ते बोलून घेऊ द्या. पहिल्या सहा जागांसाठी हे करायला पाऊण तास लागतो. खालच्या पन्नास पर्यायांना तेवढाच.

रोखठोक

पण अनेक जण पहिल्या सहा जागी मुद्दाम न मिळणारे पर्याय टाकायला सांगतात. 'ढाल' म्हणतात त्याला. म्हणजे काही पक्कं होत नाही आणि शेवटपर्यंत मोकळीक राहते. ते चूक का?

नियमपुस्तिका

चूक म्हणण्यापेक्षा निरुपयोगी. ढालीमुळे आणखी चांगली जागा मिळत नाही. जागा मेरिट आणि क्रमावरून मिळते. सातवर जे लिहिलंय ते खरोखर पहिल्या पसंतीचं असेल तर ते एकवर लिहून पहिल्याच फेरीत पक्कं होऊ द्यायला हरकत काय? ढाल लागते ती ज्यांनी क्रम ठरवलेलाच नाही त्यांना. किंवा ज्यांना इतर प्रक्रियेतल्या निकालाची वाट पाहायची आहे त्यांना, आणि तिथेही जागा स्वीकारण्याचे १,००० रुपये भरण्याची मुदत चुकली की ढालीचा काही उपयोग राहत नाही.

हे नियम दर वर्षी बदलतात. वर लिहिलंय ते त्या वर्षाचं. दर वर्षी माहितीपुस्तिका आली की पहिलं पान ते शेवटचं पान वाचणं हा या व्यवसायातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा भाग. व्हिडिओ बघून काउन्सेलिंग करणारे जून महिन्यात मागच्या वर्षीचे नियम सांगत असतात.

हिशेबनीस

कागदपत्रांवर वेगळा प्रतिसाद हवा. क्रम लावणं लोकांना आकर्षक वाटतं, पण जागा जातात त्या कागदांमुळे.

नॉन क्रीमीलेअर: राज्याच्या प्रवेशासाठी ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. घरात प्रमाणपत्र 'आहे' यावर विश्वास ठेवू नका, तारीख स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नसेल तर विद्यार्थी खुल्या प्रवर्गात जातो.

आता खरी मेख. जोसा आणि नीटच्या अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं आणि जोसाला ते त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं हवं. राज्याचं चालत नाही. जात राज्याच्या यादीत आहे म्हणून केंद्राच्या यादीत असेलच असं नाही. व्हीजे, एनटी, एसबीसी हे प्रवर्ग केंद्रात नाहीतच. त्यातली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते एकेक करून तपासायचं. एसईबीसी (मराठा समाजाचा राज्यातला प्रवर्ग) तर फक्त राज्यात. त्याच मराठा विद्यार्थ्याला केंद्रीय प्रवेशात, उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटींत बसत असेल तर, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मिळू शकतं. राज्यात मात्र एसईबीसी असताना ईडब्ल्यूएस नाही. म्हणजे एकाच मुलाचा दोन फॉर्मवर दोन वेगळा प्रवर्ग असू शकतो, आणि दोन्ही बरोबर. हे न कळल्यामुळे काउन्सेलरच घाबरून 'दोन्हीकडे ओपन टाका' सांगतात.

जातवैधता: अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत प्रस्ताव टाकायचा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करणाऱ्यांची गर्दी समितीच्या दाराशी दर वर्षी तीच. काही वर्षी पावतीवर मुदत मिळते, त्यावर योजना आखू नये.

ज्युनिअर कॉलेजातल्या शिक्षकाला इथे मोठा फायदा आहे. एप्रिल सोडा, अकरावीच्या दिवाळीतच वर्गाच्या कागदांची तपासणी करता येते.

काठावरचा

टीएफडब्ल्यूएस (शिक्षणशुल्क माफीची योजना) पण लिहा ना. दर वर्षी कुणी तरी चुकतंच.

हिशेबनीस

उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्यांसाठी ५ टक्के अधिकच्या जागा, शिक्षणशुल्क माफ. फक्त शिक्षणशुल्क. विकास निधी आणि बाकीचं भरावं लागतं, ते पालकांना आधी सांगा. याचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. साधा कोड भरला आणि टी वाला भरला नाही तर उत्पन्नाचा दाखला कितीही पक्का असो, त्या जागेसाठी नाव जातच नाही. मेरिट मात्र साध्या जागेपेक्षा वर लागतं, म्हणून टी चा कोड साध्याच्या लगेच वर ठेवायची रीत आहे.

मुलींसाठी आणखी एक: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ. पण प्रवेश कॅपमधून हवा. संस्थास्तरावरून घेतला, किंवा खासगी अथवा अभिमत विद्यापीठात घेतला, तर नाही. 'कॅपची कटकट कशाला, थेट घेऊन टाकू' म्हणणाऱ्या कुटुंबाला चार वर्षांचा फरक कागदावर गुणाकार करून दाखवा. बहुतेक वेळा चर्चा तिथेच मिटते.

सहामाही

डोकं गरगरलं, पण हेच हवं होतं. मग कल चाचण्या शिकायच्या की नाही? की कॅप पुरे?

मोजपट्टी

बारावीनंतरच्या कामाला चाचणी क्वचितच लागते. दहावीच्या मुलांना उपयोग आहे, जर नीट घेतली तर.

नीट म्हणजे काय. आवड आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी मोजायच्या. आवडीसाठी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या सहा व्यक्तिमत्त्व-प्रकारांवर बेतलेली प्रश्नावली. क्षमतेसाठी डीबीडीएसारखा संच, ज्यात भाषा, अंक, अवकाशीय, यांत्रिक, तर्क वगैरे आठ उपचाचण्या आहेत. त्या घड्याळ लावून घ्यायच्या असतात. इथे पहिली चूक: मोबाइलवर टायमर लावतात, मधेच फोन येतो आणि ती उपचाचणी बाद होते. साधं स्टॉपवॉच वापरा. दुसरी चूक: सकाळच्या क्लासनंतर, उपाशी मुलाला सलग तीन तास बसवणं. शेवटच्या दोन उपचाचण्या पडतात आणि अहवालात 'तर्कक्षमता कमी' येतं.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी चाचणी देणं. भाषिक क्षमतेचा आकडा खाली येतो तो इंग्रजीमुळे, आणि शब्दांत मांडलेली अंकांची उदाहरणंही त्याच कारणाने चुकतात. कच्चे गुण ज्या गटाच्या मानकांशी ताडायचे, तो गट या मुलासारखा हवा. मराठी आवृत्ती आणि मराठी मुलांवरची मानकं आहेत का, हे चाचणी विकत घेण्याआधी पुस्तिकेत शोधा. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीचं या क्षेत्रात जुनं काम आहे, तिथे मराठीतून चाचण्या कशा घेतात ते बघण्यासारखं.

आणि बोटांचे ठसे घेऊन बुद्धी सांगणारी डीएमआयटी. तिला मानसशास्त्रात आधार नाही. कुणी फ्रँचायझी देऊ केली तर नमस्कार करून बाहेर पडा. एकदा ते मशीन टेबलावर ठेवलंत की जाणकार शाळा तुम्हाला दारात उभं करणार नाही.

रोखठोक

आता पैशाचं कुणी बोलणार की नाही?

हिशेबनीस

बोलू. आकडा विचारू नका, तो शहरागणिक बदलतो. तास मोजा.

एका मुलामागे: चाचणी ३ तास, गुणांकन आणि अहवाल २, दोन बैठका मिळून ३, कागदपत्रं १, कटऑफवरून यादी ४, चार फेऱ्यांच्या वेळी मिळून २, आणि पालकांचे फोन ३. एकूण १८. यातले शेवटचे तीन प्रकार, म्हणजे ९ तास, कॅपच्या आठ आठवड्यांत पडतात. ४० मुलं घेतली तर ३६० तास, आठवड्याला ४५. एकट्या माणसाची मर्यादा साधारण इथेच येते. शंभर मुलांची फी घेणारा एकटा काउन्सेलर जुलैमध्ये फोन उचलत नाही, त्याचं कारण हे.

म्हणून फी 'पॅकेज' म्हणून सांगितली तरी मनात तासांवर लावा, आणि वर्षाच्या उरलेल्या महिन्यांचा खर्च त्यात धरा. काय मिळेल हे एका पानावर लिहून सही घ्या: किती बैठका, किती फेऱ्या, फोन किती ते किती वाजेपर्यंत, आणि मधेच सोडलं तर किती परत. 'सीट पक्की' हे शब्द त्या पानावर येता कामा नयेत.

बाकी सरकारी भाग किरकोळ. दुकाने अधिनियमाखाली नोंद, वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर, आणि उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी. नोकरीत असताना संस्थेची लेखी परवानगी. अनुदानित कॉलेजातल्या शिक्षकाने हे हलक्यात घेऊ नये.

रोखठोक

फी हा उत्पन्नाचा अर्धाच भाग असतो हे सगळ्यांना माहीत आहे. बाकीचं कॉलेजकडून येतं. जागा रिकाम्या राहणारी कॉलेजं विद्यार्थी आणून देणाऱ्याला पैसे देतात, आणि घेणारे घेतात. हे न लिहिता करिअरचा सल्ला पुरा कसा होईल?

नियमपुस्तिका

बरोबर, लिहायलाच हवं. पालकाकडून फी आणि कॉलेजकडून कमिशन दोन्ही घेणारा माणूस सल्लागार उरत नाही, दलाल होतो. तो वाईट सल्ला देतो असंही नाही. त्याच्या यादीत ते कॉलेज तीन जागा वर सरकतं, एवढंच. वरच्या उदाहरणात बघितलं की तीन जागा म्हणजे काय.

ज्याला कमिशनवरच जगायचं आहे त्याने पालकांकडून फी घेऊ नये आणि पाटीवर तसं लिहावं. मधला रस्ता नाही. दलालाची पोर्टलवर दिसणारी लक्षणं: नोंदणी करताना काउन्सेलर स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकतो. मग ओटीपी त्याच्याकडे, लॉगिन त्याच्याकडे. घरच्यांना यादी बदलायची असली तरी बदलता येत नाही. प्रामाणिक काउन्सेलरने सोयीसाठीसुद्धा हे करू नये. मोबाइल पालकांचा, पासवर्ड त्यांच्या वहीत, आणि फॉर्म पक्का करण्याचं बटण मुलाच्या बोटाने. तुम्ही शेजारी बसा. मग निकालाच्या दिवशी 'तुम्हीच भरलं होतं' ऐकावं लागत नाही.

सातासमुद्रा

परदेशाबद्दल थोडं, कारण 'कॉलेज काउन्सेलर' हे पदनाम मुळात तिकडचं. आपल्याकडे आयबी आणि केंब्रिज या आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळांत ही पगारी नोकरी आहे, मुंबई-पुण्यात तर नक्की. तिथलं काम कॅपपेक्षा अगदी वेगळं.

अमेरिकेसाठी कॉमन ॲप (अनेक कॉलेजांसाठीचा सामायिक अर्ज) १ ऑगस्टला उघडतं. जास्तीत जास्त २० कॉलेजं, ६५० शब्दांपर्यंतचा निबंध, १० उपक्रम आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. मुलाचं हे सगळं एका बाजूला, शाळेचं दुसऱ्या बाजूला: गुणपत्रकं, शाळेची ओळख सांगणारं पान, काउन्सेलरचं पत्र, वर्षाच्या मध्यावरचा अहवाल. शाळेच्या ओळखीचं पान भारतात बहुतेक जण जाहिरातपत्रकासारखं लिहितात. त्यात हवं ते असं: वर्गात किती मुलं, गुण कसे देतात, ८५ टक्के म्हणजे या शाळेत वरून कितवा, कोणते विषय उपलब्धच नाहीत. प्रवेश अधिकारी हे पान शेजारी ठेवून गुणपत्रक वाचतो.

ब्रिटनसाठी यूकास (तिथली सामायिक अर्जाची यंत्रणा). पाच पर्याय, त्यात वैद्यकीय जास्तीत जास्त चार. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीयची मुदत १५ ऑक्टोबर. २०२६ च्या प्रवेशापासून मुलाने स्वतःबद्दल लिहायचं निवेदन तीन प्रश्नांत विभागलं आहे, एकूण ४,००० अक्षरं, प्रत्येकी किमान ३५०. जुने नमुने दाखवणारे अजून आहेत, सावध.

मराठी शाळा-कॉलेजांतून अर्ज करणाऱ्या मुलांची अडचण वेगळी: काउन्सेलरच नसतो. तेव्हा शाळेची ती बाजू प्राचार्य किंवा वर्गशिक्षक भरू शकतात. खासगी सल्लागाराने भरायची नाही. धागाकर्ता ज्युनिअर कॉलेजात असेल तर हे काम त्याला आजही करता येईल. १२० मुलांच्या वर्गातल्या एका मुलाबद्दल पत्र लिहायचं तर 'हुशार, नम्र, मेहनती' यापलीकडे काहीतरी हवं, म्हणून अकरावीपासून एक वही ठेवा. तारीख, काय केलं, एक ओळ. प्रयोगशाळेत उलटलेला निष्कर्ष त्याने पुन्हा मोजून बघितला, ही ओळ दहा विशेषणांना भारी.

मोजपट्टी

एक राहिलं. प्रवेशाचं काम करणाऱ्यालाही निकालाच्या आठवड्यात कोसळलेली मुलं भेटतात. आपण थेरपिस्ट नाही हे लक्षात ठेवा. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, 'मी नसतोच तर बरं' अशी वाक्यं ऐकू आली की यादी बाजूला ठेवायची, मुलाला एकटं सोडायचं नाही, पालकांना सांगायचं आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक किंवा ओळखीचा मनोविकारतज्ज्ञ गाठायचा. तो आधीच ओळखीचा करून ठेवा, जुलैत शोधू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला कधीच देऊ नका. जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं, आणि लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे.

सहामाही

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न. नोकरी न सोडता या वर्षी सुरुवात करायची तर पहिलं पाऊल?

कट्टा सांगली

गेल्या वर्षीची माहितीपुस्तिका आणि मागच्या तीन वर्षांचे कटऑफ उतरवून घ्या. दहा काल्पनिक विद्यार्थी तयार करा: मेरिट क्रमांक, प्रवर्ग, मुलगा की मुलगी, गृह विद्यापीठ, उत्पन्न, हवी ती शाखा. दोन मुद्दाम अवघड ठेवा, एक टीएफडब्ल्यूएस वाली मुलगी आणि एक सीमाभागातला. प्रत्येकासाठी ३० पर्यायांची यादी लावा आणि मग गेल्या वर्षीच्या निकालावर ताडून बघा, कुणाला कोणत्या फेरीत काय लागलं असतं. पहिल्यांदा तीन-चार चुकतील. कशामुळे चुकले ते लिहून ठेवा. दहाच्या दहा बसेपर्यंत कुणाकडून एक रुपया घेऊ नका.

काठावरचा

सीमाभागातल्यावर भर: बेळगाव, निपाणी वगैरे वादग्रस्त भागातून दहावी-बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्यांसाठी उमेदवारीचा 'ई' हा वेगळा प्रकार आहे. महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र नाही म्हणून त्यांना परराज्यातले धरून फॉर्म भरला जातो आणि हक्काची जागा जाते. मातृभाषेचा दाखला शाळेकडून आधीच घ्यायला सांगा, मे महिन्यात कार्यालयं बंद असतात.